अखंड दृश्य आणि कोल्हापूरचा कॅमेरा

कोल्हापुरात खरी कॉर्नरवर चित्रपटाच्या कॅमेऱ्याचा एक मानस्तंभ उभा आहे. ज्या गावात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडविला, त्या गावाने यंत्राला असा मान द्यावा हे सर्वथैव उचित होय. हाताने घडविलेला कॅमेरा कोल्हापूरचा, पहिला मराठी बोलपट कोल्हापूरचा, 'प्रभात'चा जन्म कोल्हापूरचा, अशी पहिलेपणाची यादी आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. परंतु यंत्र कोणी प्रथम केले हा जसा इतिहासाचा प्रश्न आहे, तसाच त्या यंत्रातून माणसांनी काय पाहिले आणि किती वेळ पाहिले, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर आपण स्तंभावर कोरून ठेवले. दुसऱ्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले. प्रस्तुत लेखात त्याचा थोडासा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

चित्रपट हा तुकड्यांचा बनलेला असतो. कॅमेरा एकदा चालू झाला म्हणजे तो थांबेपर्यंत जे चित्रित होते, त्यास स्टुडिओतील मंडळी 'शॉट' किंवा 'टेक' म्हणतात. असे शेकडो तुकडे कापून व योग्य क्रमाने जोडून चित्रपट सिद्ध होतो. बहुतेक तुकडे काही सेकंदांचे असतात. परंतु कधी कधी दिग्दर्शक कात्रीला हात न लावता एखादा प्रसंग मिनिट, दोन मिनिटे, प्रसंगी दहा मिनिटेही एकसलग पडद्यावर राहू देतो. यालाच आम्ही येथे 'अखंड दृश्य' म्हणणार आहो. दुरून घेतलेले दृश्य ते हे नव्हे. तेथे प्रश्न अंतराचा असतो, येथे काळाचा.

वस्तुतः अखंड दृश्य ही चित्रपटाने मागाहून शिकलेली करामत नसून त्याची जन्मजात स्थिती होय. ल्युमिएर बंधूंची जी चित्रे १८९५ च्या डिसेंबरात पॅरिस येथे आणि पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविण्यात आली, ती प्रत्येकी जेमतेम मिनिटभराची आणि एकाच तुकड्याची होती. फीत संपली की चित्र संपले. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. आपल्या देशातील अगदी आरंभीच्या छायालेखकाने कुस्तीच निवडावी, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. खासबागेच्या मैदानात बसून कुस्ती पाहिलेल्या माणसास हे सांगावे लागत नाही, की डाव धरल्यापासून पाठ जमिनीला लागेपर्यंतचा सारा काळ सलग दिसला तरच कुस्ती पाहिल्यासारखे होते. मधला भाग गाळून आरंभ आणि शेवट एकापुढे एक जोडले, तर निकाल कळेल. पण खात्री पटणार नाही. अखंड दृश्याचे सामर्थ्य या एका उदाहरणात आले आहे. ते प्रेक्षकाला साक्षीदार करते.

आता कोल्हापूरकडे वळू. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श'सारख्या मंडळीसाठी त्यांनी रंगविलेल्या पडद्यांची मोठी ख्याती होती, आणि याच व्यवसायावरून 'पेंटर' हे उपनाम त्यांना चिकटले. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली झळकला, तेव्हा रंगविलेल्या राजवाड्यांपेक्षा हलणारी चित्रे निराळेच काही करू शकतात, हे या दोघा चित्रकारांस उमगले. कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून तो घडवावयाचा असे ठरले. काम पुरे होण्यापूर्वीच, १९१६ साली, आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पुण्यात प्रकाशित झाला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवावयाचे असत. सर्वसाधारण रीत अशी, की सेकंदाला दोन फेरे द्यावयाचे. दर फेऱ्याला आठ चित्रे उमटत. सोळा चित्रांची एक फूट फीत होते. म्हणजे सेकंदाला एक फूट आणि मिनिटाला साठ फूट फीत खर्ची पडे. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावू लागत, आणि हाताला घाई झाली तर ती आळसावल्यासारखी चालत. फीत परदेशची आणि महाग. प्रकाश बहुतांशी सूर्याचा. तो ढगाआड गेला की काम थांबे. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, तो या परावलंबनातून सुटण्यासाठीच. अशा स्थितीत दृश्य किती वेळ चालू ठेवावयाचे याचा निर्णय केवळ दिग्दर्शकाच्या बुद्धीत होत नसे. छायालेखकाचा खांदा, डबीतील फीत आणि आकाशातील ऊन या तिघांचेही त्यात मत असे. दृश्यातील काळ ही एक अंगमेहनतीची वस्तू होती, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या काळचा चित्रपट समजणार नाही.

परंतु बाबूरावांनी एक गोष्ट अशी केली, की जिच्यामुळे दृश्य लांबविण्यास अर्थ प्राप्त झाला. जन्मभर पडदे रंगविलेल्या या माणसाने चित्रपटातून रंगविलेला पडदाच काढून टाकला, आणि त्याच्या जागी भरीव नेपथ्य उभे केले. खांबाभोवती फिरता येईल, दारातून आत येता येईल, जिन्यावरून उतरता येईल असे. हा फरक वरवर दिसतो त्याहून फार मोठा आहे. रंगविलेल्या राजवाड्यापुढे नट उभा राहिला की पाहण्याचे काम क्षणात संपते. कारण मागच्या दारातून कोणी येण्याचा संभवच नसतो. भरीव नेपथ्यात मात्र मागे जागा असते. जागा असली म्हणजे वाट पाहता येते. दाराकडे पाहत थांबलेला कॅमेरा आणि भिंतीकडे पाहत थांबलेला कॅमेरा यांत हाच भेद आहे.

१९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या पेचात जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा तरुण शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. आज हा मूकपट उपलब्ध नाही. पण मंद उजेडात दुरून दिसणारी एक दीनवाणी झोपडी आणि तेथे भेसूर रडणारे कुत्रे, हे याच कथेवर बाबूरावांनी पुढे काढलेल्या बोलपटातील दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात कित्येक वर्षांनंतरही तसेच राहिले होते. हा परिणाम कशाने साधला असावा याविषयी आमचा एक तर्क आहे. अंधुक दृश्य दुरून दाखवावयाचे तर ते डोळ्यांत भरेपर्यंत कॅमेऱ्याला थांबावेच लागते. आणि त्या थांबण्यातच प्रेक्षकाचे मन उरलेले काम स्वतः करू लागते. चित्रकाराच्या पेढीत तयार झालेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागले नसेल. चित्रापुढे माणूस उभा राहिला पाहिजे, हे तो व्यवसायानेच जाणत होता.

येथवर मूकपटाचे झाले. १९२९ च्या १ जूनला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर ही चौघेही बाबूरावांच्या कारखान्यात तयार झालेली माणसे, आणि पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी. पुढे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईस 'आलम आरा' प्रकाशित झाला व मूकपटाचे दिवस भरले. 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' हाती घेतला, आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये तो झळकला. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची, तारामतीची दुर्गाबाई खोटे यांची, आणि ध्वनीची बाजू दामले यांच्याकडे.

बोलपट आला तसे अखंड दृश्यही परतले. पण ते आवडीने परतले नाही, सक्तीने परतले. पार्श्वगायनाची युक्ती त्या वेळी आपल्याकडे आलेली नव्हती. ती आली १९३५ साली, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या चित्रपटातून. तोवर ज्याने पडद्यावर गावयाचे त्याने कॅमेऱ्यापुढेच गावयाचे, त्याच क्षणी, त्याच जागी. आणि साथीदारांनी चित्राच्या चौकटीबाहेर बसून तेथेच वाजवावयाचे. ध्वनिग्राहक यंत्र एका जागी टांगलेले. त्याच्या टप्प्याबाहेर पाऊल पडले तर आवाज बुडे. मध्येच दृश्य तोडले तर ताल तुटे. मग करावयाचे काय? गाणे सुरू झाले की संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवावयाचा. आता सेकंदाला चोवीस चित्रे घ्यावयाची असल्यामुळे मिनिटाला नव्वद फूट फीत लागे. शेवटच्या ओळीला कोणी खोकला, तंबोऱ्याची तार उतरली, किंवा लहान मुलाने कॅमेऱ्याकडे पाहिले, तर ती सारी फीत फुकट. आणि 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघाला असल्याने हे दिव्य एकाच प्रसंगासाठी दोनदा करावे लागले.

हे कोल्हापुरात घडले, याला आमच्या मते विशेष महत्त्व आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब याच गावात राहिले होते, आणि दीर्घ, एकात एक गुंफलेली, मध्ये दम न सोडणारी तान हे त्यांच्या गायकीचे वैशिष्ट्य सर्वश्रुत होते. टेंबे यांची तयारी त्याच संगीताच्या सहवासात झालेली. शिवाय ते नाट्यसंगीताचे कर्ते आणि रंगभूमीवरील गायक नट. त्या रंगभूमीवर पद रंगले म्हणजे प्रेक्षक 'वन्स मोअर'ने ते पुन्हा घ्यावयास लावीत, आणि नाटक मध्यरात्र ओलांडून जाई. ग्रामोफोनच्या तबकडीने त्याच गायकाला सुमारे तीन मिनिटांत आटोपावयास लाविले होते. बोलपटातील गाणे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे राहिले. रात्रभराचा अवकाश त्याला नव्हता. पण गायकाचा श्वास, त्याच्या गळ्याची शीर, समेवर येताना डोळ्यांत चमकणारे समाधान, हे सारे न तुटता दिसण्याइतका अवकाश मात्र होता.

यावर कोणी सुज्ञ वाचक आक्षेप घेईल, की हा तर निव्वळ नाटकाचा फोटो झाला. यात चित्रपटाची कला ती कोणती? हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. आरंभीच्या बोलपटांत पुष्कळ ठिकाणी माणसे ओळीने उभी राहून बोलतात आणि कॅमेरा खिळल्यासारखा पाहत राहतो. मूकपटाने कष्टाने कमाविलेली गती ध्वनीने काही काळ घालविली, ही तक्रार त्या वेळी साऱ्या जगातून ऐकू येत होती. लांबलेले दृश्य म्हणजे अपोआप चांगले दृश्य, असे म्हणणे हे लांबलेले व्याख्यान म्हणजे विद्वत्ता असे म्हणण्यासारखे आहे. सक्तीच्या उपवासाला व्रत म्हणत नाहीत. व्रताला संकल्प लागतो. तो संकल्प 'प्रभात'ने केव्हा केला, हे आता पाहावयाचे आहे.

शांताराम यांना खिळलेला कॅमेरा सोसणारा नव्हताच. १९३१ च्या 'चंद्रसेना'त त्यांनी कॅमेरा चाकांच्या गाडीवर चढवून हलविला, आणि आपल्या देशातील त्या तऱ्हेच्या चित्रणाचा आरंभ पुष्कळ जण तेथूनच मोजतात. १९३३ साली कंपनीने आपले बिऱ्हाड कोल्हापुरातून पुण्यास हलविले. त्याच साली 'सैरंध्री' या रंगीत बोलपटाच्या कामासाठी ते जर्मनीस गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत. पण तेथील छायाप्रकाशाची रीत मनात घेऊन ते परतले. मग १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहन यांचा एकच डोळा साऱ्या पडद्यावर भरून राहिला, आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला. ही कात्रीची आणि भिंगाची कला होय. कोठे तोडावे, काय मोठे करावे, काय झाकावे हे ती जाणते. तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. ती नसती तर चित्रपट रंगमंचाच्या कुशीतून कधी बाहेरच पडला ना.

परंतु याच घरात दुसरी एक वृत्ती वाढत होती. दामले आणि फत्तेलाल हे दोघे शांतारामांहून वयाने वडील. एक ध्वनीचा जाणकार, दुसरा कागलचा चित्रकार. १९३६ साली या दोघांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आता पार्श्वगायन आले होते, चाकांची गाडी आली होती, कात्री सरावाची झाली होती; म्हणजे कोणतीही सक्ती उरली नव्हती. आणि तरीही या चित्रपटाला घाई नाही. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतात तेव्हा कॅमेरा त्यांच्यासमोर बसून राहतो, देवळात माणूस कीर्तनाला बसतो तसा. कलासमीक्षिका गीता कपूर यांनी या चित्रपटाविषयी लिहिताना मूर्तीसमोर उभ्या राहिलेल्या भक्ताच्या सन्मुख दृष्टीचा विचार केला आहे, तो येथे आठवतो.

या चित्रपटाविषयी आमचे एक निरीक्षण आहे, आणि तेच या लेखाचे सार आहे असे म्हटले तरी चालेल. 'संत तुकाराम'मध्ये चमत्कार पुष्कळ आहेत. वह्या पाण्यातून परत येतात, एका शिवरायांचे अनेक शिवराय होतात, शेवटी गरुडावर बसून तुकोबा वैकुंठास जातात. हे सारे चमत्कार यंत्राच्या युक्तीने आणि कात्रीने घडविलेले आहेत. जोडकामावाचून चमत्कार होत नाही. पण जिजाईचा संसार युक्तीने घडत नाही. गौरी यांनी उभी केलेली ती जिजाई म्हशीची उठबस करते, चूल फुंकते, नवऱ्यावर करवादते, आणि आजारी पोराला ओढत देवळात नेऊन हातात वहाण घेऊन पांडुरंगाला जाब विचारते. अशा वेळी कॅमेरा तिच्या कामाला लागेल तेवढा वेळ तिला देतो. चमत्कारावर विश्वास न ठेवणारा प्रेक्षकही या चित्रपटावर विश्वास ठेवतो, तो या संसारामुळे. जी बाई आपल्या डोळ्यांदेखत, न चुकविता, दिवसभराचे काम ओढते, तिच्या नवऱ्याला न्यावयास विमान आले असे सांगितल्यास आपण क्षणभर मान्य करतो. विमान खोटे आहे हे ठाऊक असते. पण तिच्या हाताला पीठ लागलेले आहे ते खोटे नसते.

दुसऱ्याच वर्षी शांतारामांनी 'कुंकू'मध्ये वेगळ्या मार्गाने याच ठिकाणी पाऊल टाकिले, हे सांगितले पाहिजे. त्यात पार्श्वसंगीत ठेविलेच नाही. घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. संगीताचे पांघरूण काढून घेतले म्हणजे दृश्यातील प्रत्येक सेकंद उघडा पडतो. म्हातारपणी लग्न केलेल्या काकासाहेबांचे, म्हणजे केशवराव दाते यांचे, एकलेपण त्या शांततेत जसे जाणवते तसे कोणत्याही सारंगीने जाणवले नसते. सारांश, तोडण्याची कला आणि थांबण्याची कला या दोन्ही एकाच गुरूच्या दोन शाखा होत. बाबूरावांच्या एका कारखान्यातून दोन्ही निघाल्या आणि काही वर्षे एका छपराखाली सुखाने नांदल्या.

पुढे जगात अखंड दृश्याला मोठी प्रतिष्ठा आली. १९४८ साली हिचकॉक यांनी 'रोप' हा चित्रपट जवळजवळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत चित्रित केला; हजार फुटी रिळात त्याहून फारसे अधिक मावतच नाही. त्याच सुमारास फ्रान्समध्ये आंद्रे बाझाँ यांनी असे प्रतिपादिले, की दृश्य तोडल्याने दिग्दर्शक प्रेक्षकाच्या वतीने निवड करतो. ते अखंड ठेवल्याने निवडीचे स्वातंत्र्य प्रेक्षकाकडे राहते. फितीचे बंधन गेले तेव्हा रशियातील सोकुरोव यांनी 'रशियन आर्क' हा २००२ साली प्रकाशित झालेला दीड तासाहून मोठा चित्रपट एकाच अखंड दृश्यात घेतला. हर्मिटाज राजवाड्याच्या दालनांतून कॅमेरा एकदाही न थांबता फिरला. हे पराक्रम खरेच. पण पराक्रमाबरोबर मिरवणूकही येते. हल्ली अमुक मिनिटांचे दृश्य एका दमात घेतले, हीच जाहिरात होऊ लागली आहे. अशा वेळी प्रेक्षक पात्रांकडे पाहण्याऐवजी कॅमेरा कोठे अडखळतो तेवढेच पाहत बसतो. तालमीत जोर काढणे निराळे आणि मैदानात कुस्ती जिंकणे निराळे.

मग खऱ्या अखंड दृश्याची पारख कशी करावी? आमची कसोटी साधी आहे. दृश्य जेथे सुरू झाले आणि जेथे संपले, त्या दोन क्षणांच्या मध्ये पाहणाऱ्याच्या मनात काही पालटले काय? पालटले असेल तर दिलेला वेळ सार्थकी लागला. नसेल तर ती नुसती लांबी होय.

या कसोटीला उतरणारे उदाहरण आपल्या भाषेत अलीकडेच घडले आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसमध्येच प्रथम दाखविला गेला, तेथे त्याला पारितोषिक मिळाले, आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही लाभले. एका वृद्ध शाहिराच्या गीतामुळे सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून चाललेला हा खटला. चित्रपट बहुतांशी स्थिर कॅमेऱ्याने, दुरून, लांबच लांब दृश्यांत घेतलेला आहे. न्यायाधीश बोलतात, कारकून टिपून घेतो, मागच्या बाकावर कोणी जांभई देतो, तारीख पडते. प्रथम वाटते, हे १९३२ सालच्या खिळलेल्या कॅमेऱ्याचेच पुनरागमन झाले. मात्र हळूहळू ध्यानात येते, की आपल्याला कंटाळा येऊ लागला आहे, आणि तोच कंटाळा कोठडीतल्या त्या माणसाचे आयुष्य कुरतडीत आहे. अखेरीस न्यायालयाचे काम संपते, दिवे मालवले जातात, आणि काळोखाकडे आपण पाहत राहतो. कात्रीने हेच अर्ध्या मिनिटात सांगितले असते. मग तो अन्याय आपल्याला नुसता कळला असता. या चित्रपटात तो आपल्याला बसून सोसावा लागतो. याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल' २०२० साली आला, आणि त्याचा विषय तर शास्त्रीय गायकाची उमेदवारी. विलंबित लयीत जो माणूस वर्षानुवर्षे एक स्वर शोधीत आहे, त्याचे चित्र घाईने काढता येत नाही, हे त्यातील मैफलींच्या दृश्यांत पटते. टेंबे यांना गाणे संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोर उभे राहणे भाग होते. ताम्हाणे यांच्या गायकाबाबत ते भाग नव्हते, तसे करावयाचे ठरविले गेले. सक्ती आणि संकल्प यांमधील अंतर कापावयास मराठी चित्रपटाला सुमारे ऐंशी वर्षे लागली, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू, की 'संत तुकाराम'ने ते अंतर चारच वर्षांत कापले होते. आपण मध्यंतरी ते विसरलो.

विसरण्यास कारणे होती. नायट्रेटच्या फिती जळाल्या, नासल्या. मूकपटांचा तर बहुतेक ठेवाच गेला. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या दंगलीत भालजी पेंढारकर यांचा कोल्हापुरातील 'जयप्रभा' स्टुडिओ पेटविण्यात आला. जे वाचले त्याचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो बाळगलाच पाहिजे. 'जयप्रभा'ची जागा वाचावी म्हणून २०२२ साली कोल्हापूरची चित्रपटप्रेमी मंडळी रस्त्यावर उतरली, यात आम्हांस आनंदच आहे. पण वास्तू राखली, यंत्र स्तंभावर चढविले, आणि ज्या नजरेने ते यंत्र वापरले गेले ती नजर मात्र घरातून गेली, असे झाल्यास काय राखले म्हणावयाचे?

ही भीती काल्पनिक नाही. आज आमच्या घराघरांतील मुले हातातल्या फोनवर अर्ध्या मिनिटाचे चित्र अंगठ्याने सरकवितात आणि दुसरे पाहतात. मुलांना दोष देणे सोपे आहे. परंतु वडील मंडळीही तेच करीत असतात. तोडलेल्या दृश्यांनी माहिती वाढते, करमणूकही होते. पण एखादे माणूस चूल फुंकत असता, गात असता, न्यायाची वाट पाहत असता त्याच्याजवळ थांबण्याची सवय त्यांनी लागत नाही. ती सवय केवळ चित्रपटापुरती नसते. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला, म्हाताऱ्याचे तेच ते बोलणे ऐकून घेणाऱ्याला, मुलाला पहिली अक्षरे गिरविताना पाहणाऱ्याला तीच लागते.

यास्तव आमची एक लहानशी सूचना आहे. 'संत तुकाराम' आजही पाहावयास मिळतो. एखाद्या रविवारी घरातील सर्व मंडळींनी, लहानथोरांनी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तो आरंभापासून अखेरपर्यंत एका बैठकीत पाहावा. पहिला पाऊण तास मुले चुळबुळ करतील. करू द्यावी. जिजाई पोराला घेऊन देवळाकडे निघेल तेव्हा ती गप्प होतील असा आमचा भरवसा आहे. खरी कॉर्नरवरच्या त्या स्तंभाला हार घालणाऱ्यांना आमचा नमस्कार आहेच. पण त्या कॅमेऱ्याचा खरा मान, त्याने ज्यांच्याकडे थांबून पाहिले त्यांच्याकडे आपणही थोडा वेळ थांबून पाहिल्यानेच राखला जाईल.